नर्सिंग आणि राहण्या-जेवणाचा खर्च

मुलगी नर्सिंगला जाते म्हटलं की घरात पहिला प्रश्न फीचा. खरी ओढाताण होते ती राहण्या-जेवणाची! डोंबिवलीहून मुंबईला रोज लोकलने ये-जा करावी, तर सकाळच्या पाळीला पहाटेची गाडी, आणि रात्रपाळी असतेच.

हे गणित रमाबाई रानड्यांनी (पंडिता रमाबाई नव्हेत, न्यायमूर्तींच्या पत्नी) फार आधी ओळखलं. १९०९ साली गो. कृ. देवधरांसोबत त्यांनी पुण्यात सेवासदन काढलं. तिथल्या बायका ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या, त्यांत विधवाही होत्या. सासरी-माहेरी हातात दमडी नाही, वर परक्या पुरुषांची शुश्रूषा म्हणजे लोकांच्या जिभेला काम. संस्थेने वसतिगृह चालवलं, म्हणून त्यांचं निभावलं.

पुढे सरकारी रुग्णालयांत होस्टेल आणि विद्यावेतन आलं. त्याला कुणी उपकार म्हटलं की मला राग येतो. वॉर्ड शिकाऊ मुलींच्याच हातांवर चालत होते ना? खाजगी कॉलेजात तर आज फी भरा, मेसचे पैसे भरा आणि वॉर्डातली पाळीही करा.