स्पर्धात्मक पिस्तूल नेमबाजीचा सराव

स्पर्धात्मक पिस्तूल नेमबाजीचा सराव म्हणजे ठरावीक अंतरावरील कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर एका हाताने पिस्तूल धरून अचूक नेम साधता यावा, यासाठी केली जाणारी नियमित व क्रमबद्ध तयारी होय. या तयारीत रेंजवरील प्रत्यक्ष नेमबाजी, छऱ्याविना केला जाणारा सराव, शारीरिक व्यायाम, मनाची एकाग्रता आणि नोंदी ठेवणे यांचा समावेश होतो. सरावाचा मोठा भाग छर्रा न झाडताच करता येतो. त्यामुळे रेंजपासून दूर राहणाऱ्या खेळाडूंनाही हा सराव शक्य होतो.

प्रकार व नियम

नवोदित खेळाडू साधारणतः १० मीटर एअर पिस्तूल या प्रकारापासून सुरुवात करतात. यात ४.५ मिलिमीटर व्यासाचे छर्रे वापरले जातात. पिस्तुलाचे वजन १,५०० ग्रॅमपेक्षा जास्त असू नये आणि चाप ओढण्यासाठी किमान ५०० ग्रॅम दाब लागावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर, तर काळ्या भागाचा व्यास ५९.५ मिलिमीटर असतो. लक्ष्याचे केंद्र जमिनीपासून सुमारे १.४० मीटर उंचीवर असते. पात्रता फेरीत ६० शॉट असतात. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर त्यांसाठी ७५ मिनिटे मिळतात आणि त्याआधी तयारी व चाचणी शॉटसाठी १५ मिनिटे दिली जातात. महिलांसाठी पूर्वी ४० शॉट होते. २०१८ पासून पुरुष व महिला दोघांसाठीही ६० शॉट आहेत.

महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात .२२ बोअरचे पिस्तूल वापरतात. त्यात ३० शॉट संथ अचूकतेचे आणि ३० शॉट जलद असतात. जलद भागात प्रत्येक शॉटसाठी फक्त तीन सेकंद मिळतात व दोन शॉटांमध्ये सात सेकंदांचे अंतर असते. त्या वेळात पिस्तूल खाली झुकवून उभे राहावे लागते.

महाराष्ट्रातील परंपरा

भारतातील नेमबाजीचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ मध्ये झाली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर हे तिचे संस्थापक अध्यक्ष होते. त्यांच्या नावाने अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा भरते. पुण्यातील म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारण्यात आले. तेथील नेमबाजी रेंजवर राज्यातील अनेक खेळाडू घडले.

पिस्तूल प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबत यांची कामगिरी विशेष उल्लेखनीय आहे. २००६ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत पदके मिळवणाऱ्या रायफल नेमबाज तेजस्विनी सावंत यांच्यापासून त्यांनी प्रेरणा घेतली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल दुहेरीत त्यांनी अनिसा सय्यद यांच्यासह सुवर्णपदक मिळवले. २०१३ मध्ये चांगवोन येथील विश्वचषकात आणि २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेतही त्यांनी सुवर्णपदके जिंकली. पुढे कोपराच्या दुखापतीमुळे त्यांना काही काळ खेळापासून दूर राहावे लागले. त्यातून सावरून २२ ऑगस्ट २०१८ रोजी पालेमबांग येथे त्यांनी आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक पटकावले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्या अंतिम फेरीत थायलंडच्या नफस्वान यांगपायबून यांच्याशी ३४ गुणांवर बरोबरी झाली होती आणि निकालासाठी दोनदा शूट-ऑफ घ्यावे लागले.

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडी या खेड्यातून आलेले स्वप्निल कुसाळे हे रायफल प्रकारातील नेमबाज आहेत. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे येऊन त्यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. त्याच ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांनी १० मीटर एअर पिस्तूलमध्ये वैयक्तिक कांस्य व सरबज्योत सिंग यांच्यासह मिश्र सांघिक कांस्यपदक जिंकले.

सरावामागील तत्त्व

पिस्तूल एका हाताने, कोणत्याही आधाराविना धरले जाते. त्यामुळे हात पूर्णपणे स्थिर ठेवणे कोणालाही शक्य होत नाही. नेम किती हलतो यापेक्षा तो कोणत्या प्रकारे हलतो, याला अधिक महत्त्व असते. संपूर्ण हात पिस्तुलासह पाच मिलिमीटर बाजूला सरकला, तर छर्राही लक्ष्यावर जवळपास तेवढाच सरकतो. परंतु मनगट किंचित वळून पुढची माशी मागच्या खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर जरी ढळली, तरी १० मीटरवर छर्रा सुमारे २५ ते ३० मिलिमीटर दूर लागतो. लक्ष्यावरील दोन वर्तुळांमधील अंतर आठ मिलिमीटर असल्याने एवढ्याशा चुकीने तीन किंवा अधिक गुण जाऊ शकतात.

म्हणून नजर लक्ष्यावर न ठेवता माशीवर ठेवणे आणि चाप ओढताना माशी न हलू देणे, ही या खेळाची दोन मुख्य कौशल्ये मानली जातात. लक्ष्याचा काळा भाग किंचित धूसर दिसणे अपेक्षित असते. बहुतेक नेमबाज काळ्या वर्तुळाच्या मध्यावर नेम न धरता त्याच्या खालच्या पांढऱ्या भागात नेम धरतात. त्यामुळे काळी माशी पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठळक दिसते. ही दोन्ही कौशल्ये छर्रा न झाडता शिकता येतात.

एका शॉटचा क्रम

साध्या सरावाचा पाया म्हणजे प्रत्येक शॉट एकाच क्रमाने घेण्याची सवय. साधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो:

१. पाय खांद्याइतके अंतरावर ठेवून उभे राहणे. डोळे मिटून हात उचलावा व डोळे उघडावेत. नेम लक्ष्याच्या एका बाजूस गेला असल्यास मनगट न वळवता पावले सरकवून दिशा दुरुस्त करावी.
२. मूठ दर वेळी सारख्याच दाबाने धरणे.
३. श्वास घेत हात लक्ष्याच्या वर नेणे आणि श्वास सोडत सावकाश खाली आणणे.
४. माशी खाचेत मध्यावर बसवून नजर तिच्यावर स्थिर करणे.
५. नेम स्थिरावत असतानाच चापावरील दाब एकसारखा वाढवत नेणे.
६. शॉट सुटल्यावरही एक-दोन सेकंद नेम तसाच धरून ठेवणे.
७. लक्ष्याकडे पाहण्यापूर्वी शॉट कोठे लागला असेल, याचा अंदाज मनात बांधणे.

नेम स्थिरावल्यानंतर सुमारे दहा सेकंदांत शॉट सुटला नाही, तर हात खाली घेऊन पुन्हा सुरुवात करणे योग्य समजले जाते. डोळा व स्नायू थकल्यावर घाईने ओढलेला चाप बहुधा वाईट शॉट देतो. ६० शॉटांसाठी ७५ मिनिटे म्हणजे प्रत्येक शॉटला सरासरी ७५ सेकंद मिळतात. त्यामुळे हात खाली घेण्यास वेळ पुरेसा असतो. नेम सोडून देण्याचे हे धैर्यही सरावानेच येते.

छऱ्याविना सराव

स्पर्धेसाठीच्या बहुतेक आधुनिक एअर पिस्तुलांमध्ये छऱ्याविना चाप ओढण्याची सोय असते. ती नसलेली, विशेषतः स्प्रिंगवर चालणारी पिस्तुले रिकामी झाडल्यास खराब होऊ शकतात.

सुरुवातीस कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर सराव केला जातो. समोर लक्ष्य नसल्याने नजर आपोआप माशीवर राहते आणि चाप ओढताना माशी हलली तर ती चूक लगेच दिसते. त्यानंतर लहान केलेले लक्ष्य वापरता येते. घरात पाचच मीटर जागा असेल, तर सुमारे ३० मिलिमीटर व्यासाचे काळे वर्तुळ १० मीटरवरील लक्ष्याइतकेच दिसते. मात्र त्याची उंची बदलावी लागते. नेमबाजाचे डोळे १.६० मीटर उंचीवर असतील, तर १० मीटरवरील लक्ष्य डोळ्यांपेक्षा २० सेंटिमीटर खाली असते. पाच मीटरवर हे अंतर निम्मे म्हणजे १० सेंटिमीटर ठेवावे लागते, अन्यथा हाताला चुकीच्या कोनाची सवय लागते.

ज्यांच्याकडे स्वतःचे पिस्तूल नाही, त्यांना पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या बाटलीने हात उचलण्याचा व स्थिर ठेवण्याचा सराव करता येतो. तिचे वजन स्पर्धेच्या पिस्तुलाच्या जवळपास असते. हात २० ते ३० सेकंद धरून दुप्पट वेळ विश्रांती घेतली जाते.

साप्ताहिक आराखडा

आठवड्यातून एकदाच रेंजवर जाऊ शकणाऱ्या नवोदितासाठी पुढीलसारखा आराखडा उपयोगी ठरतो:

सोमवार: कोऱ्या भिंतीसमोर ३० शॉट छऱ्याविना, सुमारे ३० मिनिटे.
मंगळवार: खांदे, पाठ, पोट व पाय यांचे व्यायाम, चालणे किंवा धावणे.
बुधवार: लहान लक्ष्यावर ३० शॉट छऱ्याविना.
गुरुवार: पूर्ण विश्रांती.
शुक्रवार: लहान लक्ष्यावर ३० शॉट, प्रत्येकी ७५ सेकंदांच्या लयीत.
शनिवार: १५ शॉट, त्यानंतर साहित्याची तपासणी.
रविवार: रेंजवर छऱ्यांसह सराव.

अशा आठवड्यात सुमारे शंभर शॉट छऱ्याविना व साठ ते ऐंशी शॉट छऱ्यांसह होतात. रविवारचा सरावही टप्प्यांनी होतो. प्रथम लक्ष्याच्या कोऱ्या मागील बाजूवर काही शॉट घेतात. येथे गुण मोजायचे नसतात. छऱ्यांचा पुंजका किती घट्ट पडतो, एवढेच पाहायचे असते. पुंजका घट्ट असूनही केंद्रापासून दूर पडत असेल, तरच मागच्या साईटचे स्क्रू फिरवावेत. पुंजका विखुरलेला असताना साईट बदलल्यास चूक हाताची की साईटची हे कळेनासे होते. शेवटी ३० किंवा ६० शॉट स्पर्धेच्या वेळेनुसार घेतले जातात.

सराव वाढवायचा झाल्यास आधी दिवसांची नियमितता व नंतर शॉटांची संख्या वाढवणे हितकारक ठरते. थकलेल्या हाताने घेतलेले जादा शॉट चुकांचीच सवय लावतात. खांदा, कोपर किंवा मनगट दुखू लागल्यास सराव थांबवून वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते.

नोंदवही

नोंदवहीत दिनांक, शॉटांची संख्या, त्या दिवशी लक्ष दिलेली एकच बाब आणि शॉटचा अंदाज व प्रत्यक्ष जागा यांतील फरक लिहिला जातो. अंदाज आणि जागा जुळू लागणे हे प्रगतीचे खात्रीलायक लक्षण समजले जाते, कारण चाप सुटण्याच्या क्षणी माशी कोठे होती हे नेमबाजाला दिसू लागले, असा त्याचा अर्थ होतो. गुण त्यानंतर वाढतात. केवळ गुणांची नोंद ठेवणारा खेळाडू एका वाईट दिवसाने खचण्याचा संभव असतो.

सुरक्षितता व कायदा

पिस्तूल नेहमी भरलेले आहे असे मानूनच हाताळले जाते. नळी कायम लक्ष्याच्या दिशेने ठेवणे, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवणे आणि पिस्तूल खाली ठेवताना नळीत सुरक्षा-दोरी घालणे हे रेंजचे मूलभूत नियम आहेत. घरी छऱ्याविना सराव करताना छर्रे दुसऱ्या खोलीत ठेवावेत व पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करावी. छर्रे शिशाचे असल्याने सरावानंतर हात धुणे आवश्यक आहे. दाबाखालील हवेच्या सिलिंडरची मुदत तपासणे ही खेळाडूची जबाबदारी असते.

.२२ बोअरच्या पिस्तुलासाठी शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवाना लागतो. ४.५ मिलिमीटर व्यासाच्या व कमी शक्तीच्या एअर पिस्तुलास सामान्यतः परवान्यातून सूट असली, तरी ते खेळणे नव्हे. त्याने पक्षी वा अन्य वन्यजीवांवर नेम धरल्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ अन्वये गुन्हा ठरू शकतो.

ग्रामीण भागातील खेळाडू

जुन्नर तालुक्यातील निमगाव सावासारख्या गावातून बालेवाडीच्या रेंजवर जायचे तर पुणे–नाशिक महामार्गाने एकेरी प्रवासातच दोन तासांहून अधिक वेळ जातो. शाळा, शेतीची कामे आणि प्रवासखर्च सांभाळून हा प्रवास रोज करणे विद्यार्थ्याला शक्य नसते. अशा ठिकाणी रेंजचा अभाव हे खेळ सोडण्याचे कारण ठरते. स्पर्धेचे पिस्तूल प्रामुख्याने युरोपातून आयात होत असल्याने ते महाग असते. अनेक नवोदित क्लबच्या पिस्तुलावरच शिकतात.

छऱ्याविना सरावाचे महत्त्व येथे विशेष आहे. प्रशिक्षकाची देखरेख, प्रत्यक्ष छऱ्याचा अनुभव आणि स्पर्धेचे दडपण यांना घरचा सराव पर्याय ठरत नाही. मात्र उभे राहण्याची ढब, मूठ, नजर आणि चाप या चार गोष्टी घरच्या भिंतीसमोर पक्क्या झाल्या, तर आठवड्यातील रेंजवरचे दोन तास त्या शिकण्यात न जाता तपासण्यात जातात.

हेही पहा

नेमबाजी
राही सरनोबत
तेजस्विनी सावंत
स्वप्निल कुसाळे
श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल