वायदा आणि कर्जरोखा : १८६५ची मंदी व मराठी गद्य

एप्रिल १८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांची मागणी हिंदुस्थानी कापसाकडे वळली. मुंबईत अकस्मात आलेल्या या पैशाला उत्पादक गुंतवणुकीची क्षेत्रे अपुरी होती. साहजिकच नव्या बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन मिळवू पाहणाऱ्या कंपन्या निघाल्या. प्रेमचंद रायचंद हे या सट्ट्याचे सूत्रधार ठरले. बॅक बे कंपनीच्या पाच हजारांच्या शेअरचा भाव पन्नास हजारांपर्यंत चढला. बँक ऑफ बाँबे शेअर तारण ठेवून कर्जे देऊ लागली.

एप्रिल १८६५मध्ये सेनापती ली शरण गेले आणि कापूस गडगडला. १ जुलै १८६५ ही अनेक वायद्यांची मुदत होती. ‘वायदा’ या शब्दात वचन आणि मुदत असे दोन्ही अर्थ आहेत. त्या दिवशी मुदत भरली, वचन मात्र पाळले गेले नाही. १८६८मध्ये बँकही बुडाली. १८६४च्या गणनेत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ होती. १८७२मध्ये ती ६,४४,४०५ भरली.

एवढ्या उलथापालथीचे प्रतिबिंब साहित्यात कोठे पडले? लंडनमधील सट्टेबाजीवर ट्रोलपची कादंबरी १८७५मध्ये, तर पॅरिसच्या शेअरबाजारावर झोलाची १८९१मध्ये आली. मराठीत गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३मध्ये, म्हणजे तेजीच्या ऐन भरात प्रसिद्ध झाले. पुढील पडझड त्यात येणे शक्यच नव्हते. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबऱ्या अद्भुतरम्यतेत रमल्या होत्या.

यावरून मराठी गद्य अर्थव्यवहाराविषयी उदासीन होते, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. मे १८७५मध्ये सुपे येथे व नंतर पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. सरकारी आयोगाने युद्धकालीन तेजी-मंदीचाही विचार केला. तिचा प्रभाव नेमका किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) कर्ज, सारा आणि कचेरी हेच गद्याचे द्रव्य झाले. युरोपीय कादंबरीने पैशाकडे बाजारातून पाहिले; फुल्यांनी शेताच्या बांधावरून. तौलनिक अभ्यासाने ‘शेअरबाजाराची मराठी कादंबरी’ शोधत बसण्यापेक्षा हे दृष्टिस्थानांतर तपासणे अधिक फलदायी ठरेल.