पिडिंग्टनचा इशारा आणि मातला नदीवरील बंदर

बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांच्या वर्णनात वाऱ्याच्या विध्वंसावर भर दिला जातो. प्रत्यक्षात सर्वाधिक बळी घेतले ते पाण्याने. कलकत्त्यातील एका माजी दर्यावर्दीने ही बाब एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच ओळखली होती. त्याचे म्हणणे दुर्लक्षिले गेले, हा विषय हवामानशास्त्राइतकाच वसाहतकालीन प्रशासनाच्या इतिहासाचाही आहे.

हेन्री पिडिंग्टन हे पूर्वी जहाजाचे कप्तान होते. पुढे ते कलकत्त्याच्या सागरी न्यायालयाचे अध्यक्ष झाले. जहाजांच्या रोजनिशींतील वाऱ्याच्या व वायुभाराच्या नोंदी जुळवून त्यांनी एकेका वादळाचा मार्ग आखला. नाविकांसाठी १८४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्यांनी ‘सायक्लोन’ हा शब्द योजला. सापाचे वेटोळे सुचविणाऱ्या ग्रीक शब्दावरून तो घडविलेला आहे.

समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारणतः २६.५ अंश सेल्सिअसहून अधिक असते तेव्हा बाष्पयुक्त हवा वेगाने वर चढते. बाष्पाचे सांद्रीभवन होताना सुप्त उष्णता मुक्त होते, केंद्रातील वायुभार घटतो आणि भोवतालचे वारे आत धावतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात ते घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरतात. विषुववृत्तालगत हा परिणाम क्षीण असल्याने तेथे चक्रीवादळे सहसा होत नाहीत. किनाऱ्याकडे लोटले जाणारे पाणी उपसागराच्या उथळ व नरसाळ्यासारख्या निमुळत्या उत्तर टोकाशी उंच चढते, आणि त्यातच भरतीची वेळ साधली तर गावेच्या गावे बुडतात. ही यंत्रणा पिडिंग्टन यांच्या काळी पूर्णतः उलगडलेली नव्हती. परिणाम मात्र डोळ्यांसमोर होता. कोरिंगा बंदर १८३९ मध्ये वादळी लाटेनेच उद्ध्वस्त झाले होते.

हुगळी नदी गाळाने भरत असल्याच्या भीतीपोटी सुंदरबनातील मातला नदीवर पर्यायी बंदराची योजना पुढे आली, तेव्हा पिडिंग्टन यांनी १८५३ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसी यांना पत्राद्वारे सावध केले. एखाद्या वादळात खाऱ्या पाण्याचा लोंढा येऊन ही वसाहत ५ ते १५ फूट पाण्याखाली जाईल, असा त्याचा आशय होता. तरीही पोर्ट कॅनिंग उभे राहिले, रेल्वेही आली. पिडिंग्टन १८५८ मध्ये निधन पावले. नोव्हेंबर १८६७ च्या वादळात बंदराची वाताहत झाली आणि काही वर्षांतच ते सोडून द्यावे लागले.

दरम्यान ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यास बसलेल्या तडाख्यातील मृतांचे अंदाज ५० हजारांच्या पुढे जातात. मृतांत मोठा भरणा हुगळीकाठच्या व सागर बेटावरील ग्रामस्थांचा होता. पुढील वर्षी जी सूचना-व्यवस्था सुरू झाली ती मात्र कलकत्ता बंदरासाठी, म्हणजे मुख्यतः जहाजांसाठी. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले.

भोला बेटासह पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री किमान ३ लाख माणसे बुडाली. ते वादळ उपग्रहाने आधीच टिपले होते.