बारा रुपये भाड्याची खोली



स्मरणिकेसाठी आपल्या वस्तीचा इतिहास लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मला हसूच आले. सातवी शिकलेली मी, इतिहास काय लिहिणार? पण सासूबाईंच्या पत्र्याच्या पेटीत भाडेपावत्यांचा गठ्ठा आहे. तोच आमचा इतिहास.

आजेसासऱ्यांनी १९३८ साली गिरगावात ही खोली घेतली. ते छापखान्यात खिळे जुळवीत. भाडे महिना १२ रुपये. मुंबईत जागेची अडचण जुनीच. १८९६ च्या प्लेगात दाटीच्या घरांचे हाल सरकारला दिसले, आणि १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. पहिल्या महायुद्धात भाडी वाढली म्हणून १९१८ साली भाड्याला लगाम घालणारा कायदा झाला. पुढे १९४७ चा मुंबईचा भाडे कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच त्याने प्रमाण मानले. कराची थोडी वाढ सोडली तर आमचे बारा रुपये बाराच राहिले.

१९७८ साली मामंजी वारले. सासूबाई तिशीच्या, पदरी तीन मुले. तेरावा झाला आणि घरमालकाचा गुमास्ता दारात उभा! "पावती यजमानांच्या नावाची होती, आता खोली सोडा." सासूबाईंनी पेटी उघडून पावत्या पुढे ठेवल्या. भाडेकरू गेला तरी त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाचा हक्क राहतो, हे शेजारच्यांनी त्यांना सांगून ठेवले होते. गुमास्ता मुकाट्याने परत गेला.

मग त्यांनी ठाकुरद्वारला दोन घरी स्वयंपाक धरला. मुलांची शाळा गल्लीच्या तोंडाशी, भाजी भुलेश्वरला, दवाखाना हाकेवर. मधल्या सुट्टीत मुलांना गरम भात वाढायला त्या चालत घरी येत. दूर कुठे बिऱ्हाड हलवावे लागते तर मिळकत गाडीभाड्यात गेली असती आणि मुले उपाशी राहिली असती. खोली स्वस्त होती, पण पायांनी तारले म्हणते मी.

दुसरी बाजूही लिहायला हवी. बारा रुपयांत मालक गवंडी तरी कुठून आणणार? जिने कुजले, छताला टेकू लागले. म्हणून १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी कायदा होऊन मंडळ निघाले आणि उपकर बसला. १९९९ चा नवा भाडे कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने मालकाला दरसाल शेकडा चार वाढ दिली आणि पागडीलाही मान्यता दिली. पण नव्याने येणाऱ्याला काय? माझ्या भाचीला इथे खोली हवी होती. अनामत ऐकूनच ती परत फिरली. आता डोंबिवलीहून गाडीला लोंबकळत येते. आम्हांला जे मिळाले ते तिला नाही, हे मनाला लागते.

सासूबाई आता नाहीत. बायांनो, एवढेच सांगते: पावती दर महिन्याला मागून घ्या, जपून ठेवा, आणि तिच्यावर आपले नाव आहे की नाही हे आजच पाहा.