'दो आँखें बारह हाथ' : पळालेले आणि परतलेले कैदी

व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला 'दो आँखें बारह हाथ' हा हिंदी चित्रपट १९५७ मध्ये प्रदर्शित झाला. 'झनक झनक पायल बाजे'च्या रंगीत यशानंतर अवघ्या दोन वर्षांत शांतारामांनी पुन्हा कृष्णधवल छायाचित्रणाकडे वळावे, हेच अनेकांना धाडस वाटले होते. आदिनाथ हा तुरुंगाधिकारी खुनाच्या गुन्ह्यातील सहा कैद्यांना स्वतःच्या जबाबदारीवर तुरुंगाबाहेर नेतो आणि एका ओसाड माळावर त्यांच्याकडून शेती पिकवून घेतो, एवढेच त्याचे कथासूत्र. ही भूमिका स्वतः शांतारामांनी केली, तर खेळणी विकणाऱ्या चंपाची संध्या यांनी.

कथा ग. दि. माडगूळकर यांची, आणि तिचे मूळ त्यांच्या स्वतःच्या मुलखातले. माडगूळकर आटपाडी परिसरातील. हा भाग तेव्हा औंध संस्थानात मोडत असे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या कारकिर्दीत १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. तिच्यामागची प्रेरणा होती मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या, गांधीविचाराने भारलेल्या अभियंत्याची. भिंत नाही, बेड्या नाहीत, कसायला जमीन मात्र आहे, असा तो प्रयोग. हाच फ्रीडमन पुढे निसर्गदत्त महाराजांच्या संवादांचे इंग्रजी रूपांतर करणारा म्हणून जगाला ठाऊक झाला.

प्रेक्षकांत मतभेद होतो तो प्रामुख्याने एका रात्रीवरून. सहाही कैदी पळून जातात. अडवायला कोणी नाही, पाठलागही नाही. तरीही आदिनाथाच्या डोळ्यांची आठवण त्यांना पुढे जाऊ देत नाही आणि ते परततात. तुरुंगातून सुटकेचे चित्रपट सहसा याच्या नेमके उलट सांगतात. रॉबेर ब्रेसाँ यांच्या १९५६ च्या 'ए मॅन एस्केप्ड'मध्ये किंवा १९९४ च्या 'द शॉशँक रिडेम्प्शन'मध्ये प्रेक्षक श्वास रोखून कैद्याच्या बाजूने उभा असतो. तो निसटला की सुटकेचा निःश्वास टाकतो. येथे तोच प्रेक्षक कैद्यांनी माघारी फिरावे, अशी इच्छा करू लागतो. एका पक्षाच्या मते हा विश्वासाचा विजय आहे. दुसरा पक्ष विचारतो, की हे डोळे म्हणजे तरी काय? बाहेरची भिंत पाडून ती मनात बांधणे, एवढाच याचा अर्थ नव्हे काय? मनुष्य भयाने थांबला की लाजेने, हा भेद पहिल्या पक्षाला मोलाचा वाटतो, दुसऱ्याला तो पुरेसा वाटत नाही. शांतारामांनी ते डोळे पडद्यावर ज्या ठसठशीतपणे योजले आहेत, त्यामुळे दुसऱ्या पक्षाचा आक्षेप सहजासहजी झटकता येत नाही. संयमाने सांगता आले असते ते त्यांनी पुष्कळदा ओरडून सांगितले, हेही खरे.

बीड जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण मुलखातून हा चित्रपट पाहिला, तर वादाचे केंद्रच बदलते. तेथे भरत व्यास यांनी लिहिलेली, वसंत देसाई यांनी स्वरबद्ध केलेली यातील प्रार्थना शाळेच्या परिपाठामुळे आधी कानी पडते. चित्रपट नंतर भेटतो, अनेकांना तर भेटतही नाही. पण माळरान फोडून भाजी पिकवणे आणि ती बाजारात नेणे हा उत्तरार्ध या प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नाही. कैदी स्वस्तात भाजी विकू लागताच बाजारातील व्यापारी बिथरतात, त्यांच्यावर हल्ला करवतात. शहरी समीक्षेने या भागाला कथेतील फाटा मानले. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र खरा तुरुंग येथेच सुरू होतो.

त्यातही बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर राबायचे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरले जातात, आणि उरलेली रक्कम पुढच्या हंगामावर चढते. कुंपण नसलेली ही कैद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना शब्दाला बांधलेले सहा कैदी जितके थोर वाटतील, तितकेच ओळखीचेही वाटतील. आदिनाथाने दिलेला शब्द आणि मुकादमाने दिलेली उचल यांत अंतर आहेच. पण पळून न जाणारा माणूस दोन्हीकडे सारखाच दिसतो. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरची गोदावरी ओलांडली, की पैठण तालुका लागतो. पैठणला खुले कारागृह आहे, हाही एक योगायोगच.

ज्यांचे खून झाले, त्यांच्या कुटुंबांविषयी चित्रपट जवळजवळ मौन पाळतो. हा आक्षेप आज अधिक टोकदार वाटतो आणि त्याला चित्रपटात उत्तर नाही.

शेवटाबद्दलही एकमत नाही. उधळलेल्या बैलाशी झुंजताना आदिनाथ मरतो. या झुंजीच्या चित्रणात शांतारामांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली होती. कोणाला हे बलिदान अटळ वाटते, कोणाला त्यात नायकाला देवपण देण्याची घाई दिसते. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक, १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल आणि पुढच्या वर्षी गोल्डन ग्लोब सोहळ्यात सॅम्युअल गोल्डविन पुरस्कार मिळाला. १९७५ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांना घेऊन तो तमिळमध्ये 'पल्लांडू वाळ्गा' या नावाने पुन्हा निघाला.