नाकामागची गाठ आणि वर्गातला ‘मठ्ठ’ मुलगा

१९५६ च्या नोव्हेंबरात भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूरच्या कचेऱ्यांबरोबर कितीतरी मराठी कुटुंबे तेथे गेली. कोणत्याही गावाप्रमाणे तेथल्या वर्गांतही तोंड उघडे ठेवून बसणारे एखादे मूल असेच. त्याला प्रश्न दोनदा विचारावा लागे. उत्तर येई ते चोंदलेल्या आवाजात. रात्री ते घोरे आणि दिवसा पेंगे. अशा मुलाला ‘मठ्ठ’ ठरवून मोकळे होणे सर्वांत सोपे. पण दोष पुष्कळदा बुद्धीचा नसतो. नाकाच्या मागे, टाळूच्या वर वाढलेल्या अ‍ॅडेनॉइड नावाच्या गाठीचा असतो.

हे निदान प्रथम झाले ते दूर डेन्मार्कमध्ये. कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर या वैद्याकडे ऐकू कमी येणारी, निर्जीव आवाजात बोलणारी एक तरुणी आली. टाळूमागे बोट घालून पाहता त्यांना मऊ गाठ लागली. नाकातून कडीसारखे शस्त्र घालून त्यांनी ती खरवडून काढली. १८६८ साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. पुढे १८८७ च्या सुमारास ॲम्स्टरडॅमच्या डॉ. ग्वी यांनी नाक चोंदल्याने मुलाचे लक्ष एकाग्र होत नाही, असे मांडले. ‘मठ्ठ’ या शेऱ्याला वैद्यकाने दिलेले ते उत्तरच होते.

तरी उपाय एकच राहिला: शस्त्र. १९५५ साली भोपाळमध्ये गांधी वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हाही वाढलेल्या गाठीवर मुख्य इलाज शस्त्रक्रियेचाच होता. मात्र दुसरी वाट उघडू लागली होती. १९४८ साली अमेरिकेत डॉ. हेंच यांनी सांधेदुखीच्या रुग्णाला कॉर्टिझोन दिले आणि सूज झपाट्याने ओसरली. त्याबद्दल १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडॉल व राइकश्टाइन यांना मिळाले. पण हे स्टेरॉइड पोटातून दीर्घकाळ दिल्यास मुलांची वाढ खुंटे.

म्हणून औषध जेथे हवे तेथेच पोचवावे, या विचारातून १९७० नंतरच्या दशकात बेक्लोमेथासोनचा नाकातला फवारा आला. तो मुळात नाकाच्या ॲलर्जीसाठी होता. १९९५ साली अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी तो अ‍ॅडेनॉइड वाढलेल्या सतरा मुलांना दिला. काही आठवड्यांत त्रास कमी झाला आणि गाठही आकसली. पुढे मोमेटासोनसारखी औषधे आली. २००८ साली कॉक्रेन संस्थेने पाच प्रयोगांची छाननी केली. चारांत लाभ दिसला, परंतु पुरावा मर्यादित आहे, असेही तिने नमूद केले.

फवारा म्हणजे जादू नव्हे. तो आठवडेच्या आठवडे नियमाने घ्यावा लागतो आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये. झोपेत श्वास अडत असेल किंवा कानात पाणी साचून ऐकू येणे कमी झाले असेल, तर शस्त्रक्रिया आजही लागू शकते. वय वाढता गाठ बहुधा आपोआपही आकसते. पण तोवर शाळेची कोवळी वर्षे निघून जातात. एखाद्या मुलाला मंद म्हणण्यापूर्वी त्याला श्वास नीट घेता येतो का आणि ऐकू येते का, एवढे पाहावे. दीडशे वर्षांचा हा इतिहास पालकांकडून व शिक्षकांकडून एवढेच मागतो.