प्रवाळाच्या टाकीवरचा सूर्य

जाकार्ताचे सागरी मत्स्यालयाचे शौकीन ली चिन एंग यांना दिव्यांची फारशी चिंता नव्हती. समुद्रातले जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि विषुववृत्ताजवळचे फुकटचे ऊन, एवढ्यावर त्यांची टाकी चाले. 1961 मध्ये त्यांनी ही पद्धत एका अमेरिकन मासिकात मांडली.

पण जर्मनीतल्या हौशी लोकांनी ते ऊन आणायचे कुठून? प्रवाळाच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल उजेडावर अन्न बनवते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. मिणमिणत्या ट्यूबलाइटखाली कठीण प्रवाळ झुरत. मग 1980च्या दशकात टाक्यांवर मेटल हॅलाइड दिवे टांगले गेले. अडीचशे-चारशे वॅटच्या त्या दिव्याखाली वाळूवर लाटांच्या हलत्या रेषा उमटत, अगदी उथळ समुद्रासारख्या. पाणी मात्र इतके तापे, की शेजारी पाणी थंड करणारा चिलर घरघरत बसे. हा शौक श्रीमंतांचाच, असे म्हटले जाई ते उगाच नाही.

1993 मध्ये जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी बनवला. प्रवाळाच्या टाकीलाही हाच रंग हवा होता: तांबडा प्रकाश पाणी वरच्यावरच शोषते, निळा खोल जातो. शिवाय 450 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा त्या शैवालालाही मानवतो. तरी एलईडीची वाट सरळ नव्हती. 2007 मध्ये अमेरिकेत सागरी टाकीच्या एलईडी दिव्यांवर एका कंपनीला पेटंट मिळाले आणि बाजारात चांगलीच चलबिचल झाली.

आता दिव्याची निवड करणारे वॅट विचारत नाहीत. प्रकाशमापक मीटर पाण्यात बुडवून प्रवाळापर्यंत प्रत्यक्ष किती प्रकाश पोहोचतो ते मोजतात. नवा दिवा पहिल्याच दिवशी पूर्ण तेजाने लावला, तर प्रवाळ आपले शैवाल गमावून पांढरे पडू शकते. म्हणून तेज काही आठवड्यांत हळूहळू वाढवले जाते.